अर्ध्या कंपनीची वकील

पिंप्राळा, जळगाव
१८ एप्रिल २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार घालावा असे सध्या आपले संबंध नाहीत, म्हणून उभ्या उभ्या नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंयस आणि घरच्या फोनवर सुनिता वहिनी दर वेळी "ते आंघोळीला गेलेत" म्हणतात. धुळ्यात एवढं पाणी येतं हे मला माहीत नव्हतं. असो, पत्राला ब्लॉक करता येत नाही. पोस्टमन दारात उभा राहिला की घ्यावंच लागतं.

विषय नळ्यांचा आहे. या उन्हाळ्यात आपल्या ठिबकच्या नळ्या शेतात तडकताहेत. एरंडोल, पारोळा, चोपडा, सगळीकडून तक्रारी येताहेत. तक्रारी घ्यायचं काम आपण इंदूरच्या ज्या कॉल सेंटरला दिलंय, त्यांचा अहवाल आला. त्यात स्वच्छ लिहिलंय की फुटतेय ती नवी नळी. म्हणजे तुझ्या नव्या यंत्रावरची. जे यंत्र आणायचं म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस, ज्याला मी विरोध केला, ज्यावरून एकाच ऑफिसात बसून आपण महिनोन्‌महिने एकमेकांशी बोललो नाही, आणि शेवटी दिवाळीनंतर तू देवपूरला सासुरवाडीच्या शेजारी बिऱ्हाड थाटलंस, ते यंत्र. मी तेव्हाच म्हणालो होतो की नानांचं जुनं यंत्र सोन्यासारखं आहे. तेव्हा तू मला अडाणी म्हणाला होतास, आठवतं का?

आता सरळ सांगतो. मी पुण्याच्या एका मोठ्या वकिली फर्मला नोटीस तयार करायला सांगितली आहे. तुझ्या नावाने. कंपनीचं नुकसान केल्याबद्दल. आणि पुढच्या महिन्यात सभा बोलावून तुला डायरेक्टरपदावरून काढण्याचा ठराव मांडणार आहे. काकांचे शेअर्स माझ्या बाजूने आहेत हे तुलाही माहीत आहे. धनसिंग ट्यूब्सच्या पाटीवर नानांचं नाव आहे, ते खराब झालेलं मी बघणार नाही.

नोटीस कालच निघायची होती. पण तू जी एक बाई इथे पेरून गेलास, तिने अडवून धरली आहे. हेमांगी मॅडम. आपल्या विधी अधिकारी. म्हणतात, "भाऊ, मला अजून दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत." त्यांना दर वेळी दोन-चार गोष्टी विचारायच्या असतात. कोर्टात उभं राहता येत नाही अशी वकील कंपनीने पगार देऊन ठेवायची, ही आयडिया तुझीच. नानांच्या वेळचे तोताराम वकील बरे होते. बॅग घेऊन यायचे, चहा घ्यायचे, पुढची तारीख सांगायचे आणि जायचे.

तुला आगाऊ सांगतोय कारण पाठीत वार करणं आपल्या घरात शिकवलेलं नाही.

आपला,
स्वप्नील
(नुसती आद्याक्षरं लिहिणार होतो, पण 'स्व.' लिहिलं की लोक हार घेऊन येतात.)


जळगाव एमआयडीसी
२८ एप्रिल २०२५

दादा,

नोटीस अजून निघालेली नाही. तू खूश झाला असशील. होऊ नकोस.

तुझ्या मॅडमनी पुण्याच्या फर्मचा मसुदा परत पाठवला. ती फर्म म्हणजे काचेची बिल्डिंग, लिफ्टमध्ये संगीत, असल्यांपैकी. तिथल्या बड्या वकिलाला या नशिराबादहून रोज स्कूटरवर येणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "सर, तुम्ही लिहिलंय की नवी नळी सदोष आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, तुमच्याच अहवालात आहे. या म्हणाल्या, "अहवाल मी वाचलाय. शेतकरी काय म्हणाला ते मला हवंय. त्याच्या तोंडचा शब्द." त्याने "बघून सांगतो" म्हणत फोन ठेवला. मी समोर बसलो होतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण खरं सांगतो, मजाही आली.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. तू गेल्यापासून या बाईंनी इथे काय काय चालवलंय ते तुला कुठे माहीत आहे. मला वाटायचं, कंपनीची वकील म्हणजे भाडेकरार बघणार, स्टँपपेपर आणणार, कोणी दावा ठोकला की फाईल घेऊन बाहेरच्या वकिलाकडे जाणार. ही बाई दावा होण्याआधीच हजर असते. आपल्या जाहिरातीत 'आयुष्यभर न फुटणारी नळी' असं छापून येणार होतं. छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी या मार्केटिंगच्या पोरांसमोर जाऊन बसल्या. "आयुष्यभर म्हणजे कोणाच्या? नळीच्या की शेतकऱ्याच्या?" पोरं हसायला लागली, आणि ओळ गेली. शेतकऱ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आपल्याकडे उघड्या कपाटात पडलेल्या असायच्या, कोणी त्यावर वडापावही ठेवायचं. आता कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली मागितली तर मलाही कशासाठी हवी ते विचारतात. विक्रीचा करार इंग्रजीत होता, तो त्यांनी मराठीत लिहिला. कोर्टाच्या मराठीत नाही, माणसांच्या.

मी एकदा चिडवलं, "मॅडम, नोकरी धरली म्हणून तुम्हाला सनद बाजूला ठेवावी लागली. काळा कोट कपाटात. वाईट नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी वाटायचं. धुळे कोर्टात सिनियरकडे होते तेव्हा लोक माझ्याकडे सगळं बिघडल्यावर यायचे. आता कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून आधीच उभी राहते." आणि परत कागदात डोकं घातलं. एमआयडीसीतले दोन-तीन कारखानदार मला विचारून गेलेत, तुमच्या मॅडम आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतील का म्हणून. मी नाही म्हणालो. बाई तुझी असली तरी खुर्ची माझ्या ऑफिसात आहे.

तरी माझा निर्णय कायम आहे. त्यांना शेतकऱ्याचा शब्द हवा ना? मिळेल. पुढच्या आठवड्यात एरंडोलकडे एका शेतकऱ्याकडे जायचं ठरवलंय. मी स्वतः बरोबर जाणार आहे, म्हणजे पुन्हा दोन-चार गोष्टी उरायला नकोत. तो शेतकरी माझ्यासमोर बोलला की नोटीस टाकतो.

आपला,
स्वप्नील


पिंप्राळा
६ मे २०२५

दादा,

एरंडोलला जाऊन आलो. ऊन मरणाचं होतं. विशेष काही निष्पन्न झालं नाही. पुण्याच्या फर्मला तूर्त थांबायला सांगितलंय, त्यांच्याकडे कामाचा लोड आहे.

तुझी तब्येत बरी असेल. सुनिता वहिनींना नमस्कार. बाकी ठीक.

स्वप्नील


पिंप्राळा
११ मे २०२५

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. पुण्याच्या फर्मकडे लोडबीड काही नव्हता. निष्पन्न झालं होतं, आणि चांगलंच झालं होतं. मला ते तुला कळू द्यायचं नव्हतं. आज लिहितोय ते का लिहितोय, तेही सांगतो, पण क्रमाने सांगू दे.

शेतकऱ्याचं नाव छगन आबा. एरंडोलच्या अलीकडे आत वळलं की त्यांचं शेत. दोन तुकडे, दोन्हीकडे आपली ठिबक. एका तुकड्यात त्यांना कपाशी लावायची आहे, जमीन तयार आहे, आणि नळ्या तडकल्यामुळे सगळं अडलंय. आबांनी आम्हाला बांधावर नेलं. म्हणाले, "देखा भाऊ, नयी फुटनी."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, मिळाला साक्षीदार. मॅडमकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "आबा, कोणती नयी?"

"हाई नयी."

मॅडमनी केव्हाची ते विचारलं, "कव्हयनी शे?"

"जुनी शे."

मी मध्ये पडलो. "आबा, नयी आहे ना पण?"

"हा. नयी."

"मग जुनी कशी?"

"भाऊ, नयी जुनी शे." आबा माझ्याकडे असे बघायला लागले की उन्हाने याचं काही झालंय का.

त्यांच्या घरच्या कुंदाबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि माझी शाळाच घेतली. "या भाऊले समजत नही का? हाई नयी जुनी शे, ती नयी नवी शे. जुनी नयी फुटनी, नव्या नयीले काहीच व्हयनं नही. शेठ नयी इकस आनि नयी म्हंजे काय ते त्याले माहीत नही?"

दादा, तुझ्या लक्षात आलं असेल. आता तरी हस. आपली आई आपल्याला 'शायात जा' म्हणायची, डोळ्याला डोया म्हणायची, आणि नळीला नयी. इंदूरच्या मुलीने फोनवर 'नयी फुटनी' ऐकलं आणि तिच्या भाषेत जे होतं ते लिहिलं. नई फटी. तिची काय चूक? तिथून ते साहेबांकडे गेलं, त्याचं इंग्रजी झालं, रंगीत आलेख झाला आणि माझ्या टेबलावर आला. आणि मी, आईच्या हातचं खाऊन याच भाषेत मोठा झालेला, तो आलेख बघून नाचलो. कारण मला तेच वाचायचं होतं. आबांच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावरसुद्धा मला आधी नई ऐकू आलं, नळी नाही.

दुसऱ्या तुकड्यावर तुझ्या यंत्रावरची नळी आहे. मी स्वतः चालत टोकापर्यंत गेलो. एक तडा नाही. फुटली ती माझ्या लाडक्या जुन्या यंत्रावरची.

परत येताना मॅडम गाडीत टिपणं काढत होत्या. एखाद्याने टोमणा मारला असता. मी तर मारलाच असता. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "भाऊ, जुनी नळी इतकी वर्षं फुटत नव्हती. मग याच वेळची का फुटली असेल?" मी म्हणालो, ते कारखान्यातल्या माणसांचं काम, वकिलाचं नाही. त्या म्हणाल्या, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं यंत्र चालवणाऱ्या आपल्या झुलालशी बोलत उभ्या होत्या.

झुलालने त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मला येऊन सांगितलं. नळीला ऊन सोसावं म्हणून प्लास्टिकमध्ये जी काळी पूड घालतात, ती गेल्या वर्षी जुन्या यंत्राला कमी पडली होती; नव्या यंत्राला ती आधीच मिसळलेला दाणा लागतो. खरेदी तुझ्याकडे होती, कारखाना माझ्याकडे होता, आणि आपण बोलत नव्हतो. तुला वाटलं मी मागणी पाठवीन, मला वाटलं तुला दिसतंय तर तू मागवशील. झुलाल म्हणाला, "दोन शेठ, दोन कॅबिन. कोनले ईचारू? व्हती ती पुरवी पुरवी वापरी." ती पूड ना तू कमी केलीस ना मी. आपल्या अबोल्याने कमी केली.

आता मी हे का लिहितोय ते. मला हे तुला कळवायचं नव्हतं. सभा होईपर्यंत तरी नाही. मी मॅडमना कॅबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणालो, "हे सध्या आपल्यात राहू द्या."

त्या म्हणाल्या, "भाऊ, आपल्यात म्हणजे कोणात?"

"तुमच्या-माझ्यात. तुम्ही माझ्या वकील ना?"

"नाही. मी कंपनीची वकील आहे."

"तेच ते. कंपनी म्हणजे मीच."

"आणि दादा. तेही डायरेक्टर आहेत. माल कोणता खराब आहे हे तुम्हाला माहीत आणि त्यांना नाही, असं मी चालू दिलं तर मी अर्ध्याच कंपनीची वकील झाले."

माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला. म्हणालो, पगार कोण देतं? त्या म्हणाल्या, कंपनी. मी म्हणालो, मी तुम्हाला आज, आत्ता काढू शकतो. त्यावर त्या काय म्हणाल्या ते ऐक. "माझी नेमणूक दोघांच्या सहीने झाली आहे भाऊ, काढायलाही दोघांची सही लागेल. ठरावाचा मसुदा करून देऊ का?" आणि त्यांनी खरोखर पेन काढलं. चेष्टेने नाही. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःला काढायचा ठराव एकही चूक न करता लिहून दिला असता.

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते मात्र मला अजून कोणी असं समजावलेलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही लपवलंत तर आज कोणाला कळणार नाही. पण ज्या शेतकऱ्यांनी जुनी नळी घेतली आहे ते थोड्या दिवसांत कपाशी लावतील. नळी जमिनीवर अंथरतील, पीक उभं राहील आणि मग ती फुटेल. आज नळी जाते आहे, तेव्हा हंगाम जाईल. तुम्ही दोघं भांडत राहाल, मी दावे लढायला वकील नेमत राहीन. मला काम मिळेल. पण मी त्यासाठी इथे आलेले नाही." मग उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "दादांना तुम्ही सांगितलंत तर बरं. नाहीतर मी सांगेन, आणि तुम्हाला सांगून सांगेन."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. घरी जेवताना पूनमवर चिडलो. ती म्हणाली, ऑफिसातला राग माझ्या भाकरीवर काढू नको, ती बाई बरोबर बोलते. बायकांची युती आहे ही सगळी. पण दादा, मी अंगणात बसून विचार केला की माझ्या पदरी इतकी माणसं आहेत, हो शेठ, बरोबर शेठ करणारी. त्यातलं एकही मला असं म्हणालं नसतं. नाना असताना नाना म्हणायचे. ते गेल्यावर तू म्हणायचास, आणि म्हणूनच आपलं वाजलं. आता ही बाई म्हणते. मला तिचा राग आला होता आणि त्याच वेळी मला तिचा अभिमान वाटत होता. दोन्ही खरं आहे.

तेव्हा लेखी सांगतो. तुझं यंत्र चांगलं आहे. नोटीस निघणार नाही. सभाही नाही.

जुनी नळी सगळ्यांची बदलून द्यायची असं मॅडमचं म्हणणं आहे, कपाशी लागायच्या आत. कोणी दावा करायची वाट न बघता. मला पटलंय. पण तो ठराव एकट्याच्या सहीने होत नाही, तुझी सही लागते. ठराव सोबत जोडलाय. काय करायचं ते तू ठरव. वेळ थोडा आहे, छगन आबांची जमीन तयार आहे.

तुझा,
बबलू


पिंप्राळा
१९ मे २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान, त्यातही निम्मं कोरं. तरी मी ते पूनमला दोनदा वाचून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा ऐकायला नकार दिला.

तू लिहिलंयस की तू हिवाळ्यात हेमांगी मॅडमना धुळ्याला बोलावून घेतलं होतंस. मी कंपनी बुडवतोय, मला बाहेर काढायचा मार्ग सांगा, असं विचारलं होतंस. आणि त्यांनी तुलाही तेच उत्तर दिलं, मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही, स्वतःसाठी हवा असेल तर बाहेरचा वकील बघा. तेव्हापासून तू समजत होतास की त्या मला सामील झाल्या. आणि मी इकडे समजत होतो की त्या तुझ्या हेर आहेत. आपण नानांचेच पोरगे, शंका नाही.

मी वाचून खुर्चीतून उठलो आणि थेट त्यांच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, "मॅडम, दादा मला काढायला निघाला होता आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी मात्र लपवायला गेलो तर मला धारेवर धरलंत. हा कुठला न्याय?"

त्या एक करार वाचत होत्या. बोट त्या ओळीवर तसंच ठेवून वर बघितलं. म्हणाल्या, "नळी फुटली हा कंपनीचा विषय होता भाऊ. दादांचा राग हा कंपनीचा विषय नव्हता. तो मी तुम्हाला कशाला सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही आज त्यांना पत्र लिहिलं असतंत का?"

मी विचारलं, "आणि माझा राग?"

"तोही मी त्यांना सांगितला नाही."

दादा, तू आणि मी, आपण दोघांनी या बाईला आपापल्या बाजूला ओढून बघितलं. दोघांनी तिच्या नोकरीची भीती घातली असेल, मी तर घातलीच. ती एकटी मध्ये उभी राहिली, आणि दोघांपैकी कोणाकडेही दुसऱ्याची चहाडी केली नाही. नात्यातली इतकी माणसं होती, काका, मामा, तुझे सासरे. प्रत्येकाने इकडचं तिकडे केलं आणि आगीत तेल ओतलं. जिला आपल्या घराशी काही देणंघेणं नव्हतं तिनेच हे घर सांभाळलं. मी हे तिच्या तोंडावर बोललो नाही, बोललो असतो तर ती म्हणाली असती की हे माझ्या नेमणुकीच्या पत्रात नाही. म्हणून तुला लिहितो. तू तिला नेमलंस ते तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. यंत्र दुसऱ्या नंबरावर.

कामाचं सांगतो. शेतकऱ्यांना द्यायचं पत्रक मॅडमनी तयार केलंय. पुण्याच्या फर्मने सुचवलं होतं की त्यात 'कंपनी कोणतीही चूक मान्य न करता' असं घाला. यांनी ते खोडलं. मी म्हटलं, राहू द्या की, ते मोठे वकील आहेत, त्यात आपलं संरक्षण असेल. त्या म्हणाल्या, "छगन आबांना हे वाक्य वाचून दाखवायला तुम्ही जाल का?" मी नाही म्हणालो. मग खोडलंच. आता पत्रकात साधं लिहिलंय की जुनी नळी आमच्याकडून नीट झाली नाही, ती बदलून देतो. गावोगाव गाडीवरून सांगायचं ते अहिराणीत आहे, 'जुनी नयी बदली देसूत'. ते लिहिताना त्या स्वतःशी हसत होत्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. इंदूरच्या मुलींसाठी आपल्याकडच्या शब्दांची शिकवणीही त्या घेणार आहेत, फोनवरून, दर बुधवारी. झुलाल नव्या नळीचे बंडल मोजायला लागलाय.

उरली फक्त तुझी सही. तू लिहिलंयस की ठराव मान्य आहे, सही करून रजिस्टर पोस्टाने पाठवतो. मी मॅडमना विचारलं, पोस्टाने आलेली सही चालेल का. त्या म्हणाल्या, कायद्याने चालते, अगदी मोबाईलवरून केलेली सुद्धा चालते, आणि दादांचं येणं त्यासाठी मुळीच गरजेचं नाही.

मी त्यांना म्हणालो, मॅडम, तुमच्या कायद्याला चालत असेल, मला चालत नाही. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच एकही प्रश्न विचारला नाही.

दादा, ठराव पोस्टात टाकू नकोस, बिनसहीचाच बरोबर घेऊन ये. शनिवारी सकाळी तू धुळ्याहून निघ, मी जळगावहून निघतो. छगन आबांचं शेत दोघांच्याही वाटेवर आहे. पहिलं बंडल आपण दोघांनी उतरवून द्यायचं आणि सही तिथेच, बांधावर करायची. कुंदाबाई बोलतील, त्यांचं तोंड फार आहे. मी एकट्याने ऐकलं, आता तूही ऐक.

तुझा,
बबलू